माझ्याबरोबर घे

१

टिल्लू झोपला की त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, हा त्याच्या आईचा त्याच्या जन्मापासूनचा नेम. बाकीच्या आया मूल झोपलं की हुश्श करतात. हिची नोकरी तेव्हा सुरू व्हायची. तळहाताखाली श्वास सुरळीत चाललाय की त्यात ती बारीक शिट्टी मिसळली आहे, हे तिला झोपेतसुद्धा कळायचं. शिट्टी ऐकू आली की उठायचं, टिल्लूला मांडीत घ्यायचं, त्याची पाठ आपल्या छातीला टेकवायची आणि त्याला ऐकू जाईल असा मोठ्याने श्वास घ्यायचा.

"माझ्याबरोबर घे. हं... आता सोड. घाई नाही. माझ्याबरोबर."

ती शाळेत गाणं शिकवायची. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, हा तिचा रोजचाच उद्योग. पंप, वाफ, गोळ्या सगळं होतं, पण टिल्लूचा खरा भरवसा आईच्या छातीवर. डोळे मिटून तिच्या श्वासाला आपला श्वास लावायचा आणि थोड्या वेळाने हुशार होऊन बिस्कीट मागायचा. ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, या सगळ्याला इतकी सरावली होती की पंप कुठल्या पिशवीत आहे हे घरात फक्त तिलाच माहीत असे.

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. "औषधं मी देत राहीन," ते म्हणाले, "पण या शहराचा धूर काही माझ्या औषधाने कमी होणार नाही. जमत असेल तर समुद्राकाठी जा."

जमलं. एका छोट्या गावातल्या शाळेला गाणं शिकवायला बाई हवी होती आणि राहायला जागाही मिळणार होती. नवऱ्याला त्याच्या कारखान्यातून सुटायला काही महिने लागणार होते. तोवर त्याने शनिवारी यायचं आणि सोमवारी पहाटे निघायचं, असं ठरलं. दोन मुलं, चार ट्रंका आणि एक बाजाची पेटी घेऊन ती पुढे आली.

२

जागा पाहिली आणि ती खूशच झाली. शाळेच्या पडवीवर दोन खोल्या, पांढऱ्या रंगाचा हात नुकताच दिलेला. खिडकीखाली रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी बंधारा आणि बंधाऱ्यापलीकडे नुसता समुद्र. मुख्याध्यापिका स्वतः जिन्यावर उभ्या होत्या. उंच, पिकल्या केसांच्या, एका हातात पाण्याने भरलेली कळशी आणि दुसऱ्या हातात डबा.

"हा आठवडा स्वयंपाकाचं नाव काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "डबा माझ्याकडून. आणि ही खिडकी उघडी ठेवत जा, म्हणजे मुलांना—" बोलता बोलता त्या थांबल्या. चेहऱ्यावर हसू तसंच. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे म्हणाल्या, "—झोप चांगली लागेल."

भरलेली कळशी घेऊन जिना चढूनही बाईंना धाप लागली नव्हती. बाईंचं वय काय असेल याचा तिने मनाशी अंदाज केला आणि आपल्या कमरेला हात लावला.

गाव खरंच देखणं होतं, आणि माणसं गावाहून देखणी. भोंगा वाजवत कुणी गाडी हाकत नव्हतं. दुकानात कुणी पुढे घुसत नव्हतं. मुलं रस्ता ओलांडू लागली की सायकली आपसूक उभ्या राहायच्या. म्हातारे टेकडीवरच्या दीपस्तंभापर्यंत गप्पा मारत चढायचे आणि तसेच गप्पा मारत उतरायचे. घाई हा प्रकार गावाला ठाऊकच नव्हता. बोलतानासुद्धा माणसं मध्येच निवांत थांबायची, अगदी वाक्याच्या अधेमधे, आणि मग पुढचं बोलायची. शहरात समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची सवय लागलेली. इथे तिची दोन-तीनदा फजिती झाली. मग तीही थांबायला शिकली. किती सभ्य लोक आहेत, असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"आणि टिल्लू?" नवऱ्याने विचारलं.

"टिल्लू बंधाऱ्यावर पळतोय," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. टिल्लू आजवर कधी पळाला नव्हता.

३

पंप संपत आला, म्हणून ती औषधाच्या दुकानात गेली. औषधवाला गोल चेहऱ्याचा, हसरा. त्याने एकेक खण उघडून पाहिला, शेवटी शिडीवर चढून वरच्या फळीवरून एक खोका काढला, त्यावर फुंकर मारली आणि तारीख वाचून ओशाळला.

"हा कधीचाच बाद झालाय हो. मागवून देतो. इथे कुणाला लागतच नाही."

"गावात दमा कुणालाच नाही?"

"ताप येतो. पोटं बिघडतात. दातांचं तर विचारू नका, माझेच तीन काढलेत. पण छातीचं म्हणाल तर—" तो थांबला. शिडीवर, हातात खोका धरून, तिच्याकडे प्रेमाने बघत. "—नाही बुवा."

ती रिकाम्या हातानेच परतली, आणि वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय. असं गाव असतं, आणि आपल्याला ते मिळालं. देव पावला म्हणायचं.

४

शाळेतला गाण्याचा वर्ग पाहून मात्र ती थक्क झाली. मुलांना एका सुरात आणणं एक वेळ सोपं; पण चाळीस पोरांनी श्वास एकाच ठिकाणी घ्यावा म्हणून आयुष्यभर तिने टेबल बडवलं होतं. इथे पहिल्याच दिवशी, काहीही न शिकवता, सगळा वर्ग एकदम श्वास घेत होता. एकही पोर मागे नाही, एकही पुढे नाही. पेटीवरचे तिचे हात क्षणभर थबकले.

फक्त श्वासाची जागा चुकत होती.

तिने त्यांना एक नवं गाणं दिलं होतं, तिनेच जुळवलेलं. 'पेन्सिलीच्या टोकावरती झोपलं होतं गाव'. टोकावरती म्हटल्यावर श्वास घ्यायचा, हे शेंबड्या पोराला कळेल. ही मुलं 'झो' म्हणून थांबली, सगळ्यांनी मिळून श्वास घेतला आणि 'पलं होतं' पुढे म्हटलं.

"अरे, शब्द का तोडताय?" ती हसून म्हणाली. "बिचाऱ्या गावाची झोप मोडाल. टोकावरती, मग श्वास, मग झोपलं. पुन्हा."

मुलं गुणी. माना डोलावल्या, पुन्हा म्हटलं. या वेळी 'पेन्सि' वर तोडलं. सगळ्यांनी. तिसऱ्या वेळी 'हो' वर. चुकत होती, पण एकजात एकाच ठिकाणी. जणू खिडकीबाहेरून कुणी हात करून दाखवत होतं, आणि पाहते तर खिडकीबाहेर कुणीच नव्हतं. बंधारा आणि त्यावर येऊन फुटणारी लाट, एवढंच.

पहिल्या रांगेत बालवर्गातली मुलं बसत. त्यांत टिल्लू. तोही सगळ्यांबरोबर तोडत होता. त्याला सोबत म्हणून शेजारी बसलेली ताई मात्र नव्या गाण्यात अडखळत होती, आईसारखी टोकावरतीनंतर श्वास घेत होती आणि एकटी पडून लाजत होती.

"जमेल तिला," मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "मोठ्या मुलांना जरा वेळ लागतो."

५

त्या शनिवारी नवरा आला, रविवारी दुपारी जेवणं झाली आणि मुलं झोपली. तिचा हात सवयीने टिल्लूच्या पाठीवर गेला. शिट्टी नव्हती. श्वास कसा, खोल, भरलेला आणि सावकाश. जरा जास्तच सावकाश. एवढ्याशा पोराचा श्वास इतका लांब कसा?

मग तिला ऐकू आलं. बाहेर लाट भरत आली, पाठ वर आली. लाट फुटली, ओढली गेली, पाठ खाली बसली. एखादी लाट उशिरा आली. पाठ थांबली. लाट आली, आणि मगच पाठ हलली.

तिने दुसरा हात ताईच्या पाठीवर ठेवला. ताईलाही आता जमत होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली. "इकडे या. हात ठेवा इथे."

नवऱ्याने हात ठेवला, ऐकलं आणि खांदे उडवले. तो यंत्रांतला माणूस. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं आणि सापडायचंही. "अगं, रात्रंदिवस एकच आवाज कानावर पडला तर होणारच. आमच्या कारखान्यात मशिनच्या ठेक्यावर माणसं पान चघळतात. झोपेत मूल आवाज पकडतं, त्यात काय?"

"थांबतो तो. लाट थांबली की."

"एखादा क्षण. तू चार वर्षं त्याला हेच शिकवलंस ना? दुसऱ्याच्या श्वासाबरोबर घ्यायला. शिकलाय पठ्ठ्या! आता आई जवळ नसली तरी त्याचं अडत नाही. आनंद मान की."

तो गमतीने बोलला. ती हसली नाही. बरोबरच होतं त्याचं. टिल्लूला दुसऱ्याच्या श्वासावर विसंबायला तिनेच शिकवलं होतं. तो कुणाचा श्वास आहे, हे विचारायला शिकवलं नव्हतं.

६

मग तो दिवस आला. उन्हाचा, बिनवाऱ्याचा. गाण्याचा तास चालू होता, टोकावरतीचा हट्ट तिने केव्हाच सोडला होता, आणि मुलं खरोखर सुंदर गात होती. "पेन्सिलीच्या टोकावरती झो—"

मुलं थांबली. नेहमीसारखीच. तिनेही पेटीचा भाता धरून ठेवला आणि वाट पाहिली.

बाहेर लाट आली नाही.

तिला आधी शांतता जाणवली. इथे आल्यापासून कान ज्या आवाजाला सरावले होते तो नसल्याची शांतता. मुलं तोंडं किंचित उघडी ठेवून बसली होती. कुणी घाबरलेलं नव्हतं, कुणाचा चेहरा लाल झाला नव्हता. पंक्तीत वाढप्याची वाट पाहावी तशी ती शहाण्यासारखी वाट पाहत होती. डोळे सगळ्यांचे खिडकीकडे. पहिल्या रांगेत टिल्लू आणि ताई.

ती उठली. टिल्लूच्या पाठीवर हात ठेवला. पाठ स्तब्ध. तिने त्याला ओढून छातीशी धरलं. "टिल्लू, माझ्याबरोबर. माझ्याबरोबर घे." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, शांतपणे. मध्येच बोलू नये, असं मोठ्या माणसाला कसं सांगावं हे न सुचलेल्या मुलासारखं.

ती खिडकीशी धावली. रस्त्यावर औषधवाला दुकानाची फळी उचलून उभा, फळी हातातच. एक बाई बादलीवर वाकलेली. सायकलवाला एक पाय टेकवून. व्हरांड्यात मुख्याध्यापिका, घंटेकडे हात नेलेल्या. आणि बंधाऱ्यापलीकडे पाणी, काचेसारखं सपाट, पार क्षितिजापर्यंत. भरतीओहोटीच्या मधल्या वेळी समुद्र असाच पडतो, तिने स्वतःला बजावलं. वारा पडला की लाटा मंदावतात. पोरांना खेळ सुचलाय, मोठेही सामील झालेत.

तेव्हाच तिने ते पाहिलं. लाट नव्हती ती. एक कडा नाही, फेस नाही. पांघरुणाखाली झोपलेल्याची पाठ वर यावी, तसं ते सगळंच्या सगळं पाणी हळूच वर आलं. तिथेच क्षणभर राहिलं. आणि खाली बसलं. अशी पाठ तिने हजारदा हाताखाली ओळखली होती. झोप किती गाढ आहे, हेही तिला एका नजरेत कळलं.

"—पलं होतं गाव," मागे वर्गाने म्हटलं.

फळी खाली आली, सायकल निघाली, घंटा वाजली. आणि तिच्या छातीतून श्वास बाहेर पडला. आपण तो कधीपासून धरून ठेवला होता, हे काही केल्या तिला आठवेना.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मुलांना घेऊन ती बसथांब्यावर उभी राहिली. नवऱ्याला फोन केला होता, "आम्ही येतोय, कारण भेटल्यावर सांगते." मुख्याध्यापिका निरोप द्यायला आल्या. एका शब्दाने अडवलं नाही, उलट मुलांसाठी डबा आणला.

"जागा तशीच ठेवते," त्या म्हणाल्या. मग ताईचे केस सारखे करत हळूच विचारलं, "पंप घेतलाय ना?"

बस बाहेरगावची, चालक बाहेरगावचा. गावातलं दुसरं कुणीच चढलं नाही. बस टेकडीला वळसा घालून निघाली, मागे समुद्राचा आवाज बारीक होत गेला, आणि वळणावर तो पुसला गेला.

टिल्लूला शिट्टी लागली. तिने मागवलेला नवा पंप काढला, एकदा दिला, दोनदा दिला. काही नाही. शेजारून दुसरी शिट्टी आली. ताई, जिला साधा खोकला माहीत नव्हता, ती पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसली होती आणि तिचे ओठ सुकले होते.

तिने दोघांना छातीशी घेतलं. "माझ्याबरोबर घे. दोघंही. माझ्याबरोबर." मुलांनी भाबडेपणाने डोळे मिटले आणि कान तिच्या छातीला लावले.

आणि तिच्याकडे द्यायला श्वास नव्हता. पुढचा श्वास कधी घ्यायचा, हेच तिला कळेना. इतकी वर्षं न विचारता येत होता, तो कुणीतरी सांगितल्याशिवाय येईना. ती वाट पाहत बसली आणि मुलं तिची वाट पाहत बसली.

बस थांबली. चालक मागे वळून पाहत होता. "बाई, उतरा आणि मागे चालत जा," तो समजुतीने म्हणाला. "उतारच आहे. मागे एका बिऱ्हाडाचं असंच झालं होतं. वळणापर्यंत गेलात की बरं वाटेल."

टिल्लूला कडेवर आणि ताईला बखोटीला धरून ती उतरली. वळणावर आवाज आला. आधी पुसट, मग स्पष्ट. ताईने एक मोठा श्वास घेतला, लाटेबरोबर. मग टिल्लूने. मग तिने. असा गोड श्वास तिने जन्मात घेतला नव्हता. उतारावर टिल्लू कडेवरून उतरून पुढे पळाला, आणि ती रस्त्यातच बसून रडली. ते रडणं भीतीचं होतं हे खरं, पण निम्मं तरी कृतज्ञतेचं होतं.

खोलीची खिडकी कुणीतरी उघडी ठेवली होती.

८

नवरा कायमचा राहायला आला तेव्हा सगळं गाव सामान चढवायला लोटलं. त्याला एक पिशवीसुद्धा उचलू दिली नाही. "अगं, काय माणसं आहेत!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. परत का यायचं ठरलं होतं आणि मग का बदललं, हे त्याने विचारलं. ती म्हणाली, जीव घाबरा झाला होता, आता बरं आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. खिडकी उघडी, ऊन बंधाऱ्यावर. मुलं मध्ये, नवरा पलीकडे, चौघंही आडवी झाली. मुलांचा श्वास लाटेबरोबर येत होता आणि लाटेबरोबर जात होता, तिचाही. किती छान चाललं होतं. वर्गात ज्यासाठी आयुष्य घातलं, ते घरात चालून आलं होतं.

फक्त एक श्वास भलतीकडेच चालला होता. छोटा, घाईघाईचा, लाट भरायच्या आत सुटणारा. सगळा वर्ग गात असताना मागच्या बाकावर कुणी बोलत राहावं तसा. तिने दुर्लक्ष करून पाहिलं. टिल्लूने झोपेत कपाळाला आठी घातली आणि कूस बदलली. त्याचा श्वास किंचित अडखळला आणि त्यात ती जुनी, बारीक शिट्टी वाजली.

ती ताडकन उठून बसली. मुलांच्या अंगावरून हात लांब करून तिने नवऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवला.

"काय गं?" तो झोपेत पुटपुटला.

"काही नाही. झोपा तुम्ही." ती त्याच्या कानाशी वाकली. बाहेर लाट भरत येईपर्यंत थांबली. "माझ्याबरोबर घ्या. हं... आता सोडा. घाई नाही. माझ्याबरोबर."

तो दोनदा चुकला. चुकणारच, त्याला गाण्याची सवय नव्हती. मग जमलं.